यंत्राला वळण लावणाऱ्या सरोजाअक्का

आमच्या ऑफिसातल्या सरोजाअक्का सकाळी येतात, पर्स खुंटीला अडकवतात, चपला टेबलाखाली सरकवतात, कॉम्प्युटर सुरू करतात आणि त्याला विचारतात, "काफी आय्ता, पुट्टा?"

म्हणजे, कॉफी झाली का रे बाळा? बंगळुरात हा प्रश्न कुणीही कुणालाही विचारतं. रिक्षावाला विचारतो, बँकेतला शिपाई विचारतो, लिफ्टमध्ये भेटलेला अनोळखी माणूसही विचारतो. उत्तर ऐकायला सहसा कुणी थांबत नाही. अक्का थांबतात. दोन बोटांनी तो प्रश्न टाइप करतात, हात मांडीवर ठेवतात आणि पडद्याकडे बघत बसतात. थोड्याच वेळात उत्तर येतं की मी एक ए.आय. आहे, मी कॉफी पीत नाही, आज मी आपली काय मदत करू?

"कामाचं पोर आहे," अक्का चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणतात. "पण आल्या आल्या कामाला हात घालतं. वळण नाही."

हे वळण लावण्याचं काम अक्कांनी अंगावर घेतलं, आणि मी शेजारच्या टेबलावर बसून ते पाहिलं. माझ्या नोकरीत अभिमानानं सांगावं असं फारसं काही घडत नाही. हे घडलं, म्हणून सांगतो.

आमचं ऑफिस जयनगरात, एका दर्शिनीच्या, म्हणजे उभ्या उभ्या इडली-कॉफी मिळणाऱ्या हॉटेलाच्या, वरच्या मजल्यावर आहे. सी.ए.चं ऑफिस म्हटलं की लोकांना वाटतं आम्ही दिवसभर आकडेमोड करतो. आकडे मशीन करतं. आम्ही दिवसभर लोकांकडे कागद मागतो. बिलं द्या, बँकेचा उतारा द्या, भाडेकरार द्या, त्या सहीच्या कागदावर सही करून द्या. क्लायंट मंडळी "उद्या देतो" म्हणतात आणि थेट मुदत संपायच्या आदल्या दिवशी धापा टाकत जिना चढतात. काही तर तेव्हाही चढत नाहीत.

या उद्यावाल्यांना हलवण्याचं खातं अक्कांकडे. त्या थोरल्या साहेबांच्या काळापासून आहेत. निवृत्तीचं वय केव्हाच उलटून गेलंय, पण तो विषय त्यांच्यापुढे काढायची छाती कुणाला झालेली नाही. थोरले साहेब स्वतः निवृत्त झाले, आता त्यांचा पुण्याचा भाचा केदार ऑफिस चालवतो, आणि त्याला अक्का 'केदारप्पा' म्हणतात. सुरुवातीला तो दचकायचा. आता ओ देतो.

अक्कांचं घराणं बंगळुरात चारशे वर्षांपूर्वी आलं. कुठल्याशा फौजेबरोबर घोड्यावरून आले आणि इथलेच झाले. पण अक्का ते अशा सांगतात की जणू परवाच सामान उतरवलंय. "आम्ही इथं आलो तेव्हा हे सगळं तळं होतं," त्या खिडकीबाहेरच्या चौपदरी रस्त्याकडे हात करून म्हणतात. "आम्ही आलो तेव्हा पाणी गोड होतं की रे." ऐकणाऱ्याला वाटावं, घोडा खाली पार्किंगमध्ये बांधलाय.

त्यांची मराठीही तेव्हापासून इथंच राहिलेली. मी निपाणीचा. आमच्या मराठीला नाक मुरडणारे पुणेकर मी भरपूर पाहिलेत, पण अक्कांशेजारी बसलो की मीच पुणेकर वाटतो. "स्वल्प डोकं धरलंय," "सरी, मग बघू," "अय्यो, हे काय बा नवीन," असं त्यांचं चालतं. केदार साहेबांच्या इंग्रजाळलेल्या मराठीला त्या तितक्याच सहजपणे कानडी मराठीत उत्तर देतात, आणि दोघांचं एकमेकांना कसं समजतं हे मला आजवर उमगलेलं नाही.

यंत्र येण्याआधी अक्का फोन करायच्या. त्या फोनची एक पद्धत होती. आधी तब्येत, मग घरातली म्हातारी माणसं, मग मुलांच्या शाळा, मग कुणाचं लग्न ठरलंय का, कुणाचं मोडलंय का, घरात गाय असेल तर गाय. अर्धा तास हे झाल्यावर, ठेवते हं आता, असं म्हणून झाल्यावर, अक्का म्हणायच्या, "अन् हां, ते कागद." एवढंच. 'द्या' हा शब्दही नाही. दोन दिवसांत कागद यायचे.

"आल्या आल्या कागद मागायला आपण काय पोलीस?" त्या मला म्हणायच्या. "माणसाला आधी बसू तर द्यावं की."

केदार साहेबांना ही पद्धत पटत होती, पण क्लायंट वाढत चालले होते आणि अक्का एकच होत्या. एका सकाळी त्यांनी अक्कांच्या कॉम्प्युटरवर ए.आय. बसवून दिलं. "अक्का, हे आता रिमाइंडर्स लिहील. तुम्ही फक्त नाव सांगायचं आणि कुठले डॉक्युमेंट्स पेंडिंग आहेत ते. एकदम पोलाइट लिहितं."

यंत्रानं पहिलं पत्र लिहिलं. आमची पत्रं क्लायंटच्या मोबाइलवर जातात; बहुतेक कानडीत, काही इंग्रजीत, दोन-चार मराठीत. मी इथं सगळं मराठीतच देतो. ते असं होतं: आपण कुशल असाल अशी आशा आहे. आपली कागदपत्रे अद्याप आम्हांस प्राप्त झालेली नाहीत. कृपया ती तातडीने पाठवावीत, अन्यथा होणाऱ्या विलंबास आम्ही जबाबदार राहणार नाही. आपल्या सहकार्याबद्दल आभार.

अक्कांनी ते मोठ्यानं वाचलं. त्या सगळं मोठ्यानं वाचतात, समोर तो माणूस बसलाय असं समजून.

"आभार कशाचे? त्यानं अजून दिलंय काय?"

"अक्का, तशी पद्धत आहे. इट्स व्हेरी पोलाइट."

"पोलाइट आहे. विमानातल्या बाईसारखं पोलाइट आहे. पट्टा बांध म्हणते आणि हसते." मग त्यांनी पडद्यावरच्या एकेका शब्दावर बोट ठेवलं. "तातडीनं म्हणजे काय? अँब्युलन्स बोलावलीय? अन्यथा? हे तर सरळ बोट नाचवणं झालं. असं लिहिलेलं पत्र माझ्या घरी आलं तर मी कागद असले तरी देणार नाही."

साहेब हसत आत गेले. त्यांना वाटलं, संपलं, आता अक्का पुन्हा फोन उचलणार. अक्कांनी खुर्ची पुढे ओढली आणि यंत्राची शिकवणी सुरू केली.

इथल्या, बंगळुरातल्या शिवाजीनगरचे रहीमभाई बेकरीवाले हा पहिला धडा. अक्का टाइप करता करता बोलत होत्या, म्हणून मला तो अक्षरशः पाठ झाला. "पुट्टा, नीट ऐक. रहीमभाई माणूस देवासारखा, पण कागद म्हटलं की भट्टीमागं लपतो. त्यांच्या आईच्या उजव्या डोळ्याचं ऑपरेशन झालंय, डावा बाकी आहे. आधी आईला विचार. मग मुलीच्या परीक्षेचं विचार, पण मार्क विचारू नकोस, ते स्वल्प नाजूक आहे. कागदांचं शेवटी. उंबऱ्यात चपला घालताना आठवलं, असं."

तीन ओळींच्या पत्रासाठी अक्कांची सूचना पानभर झाली. यंत्रानं ती इतकी मनावर घेतली की पत्रात आईचा डोळा आला, मुलीची मेहनत आली, बेकरीच्या खोबरं भरलेल्या दिलपसंदची तारीफ आली, आणि कागदांचा पत्ताच नाही. अक्का खूष. "आता बघ. लागलं वळण." मी दाखवून द्यायच्या आत त्यांनी ते पाठवूनही दिलं.

संध्याकाळी रहीमभाईंचा फोन आला. "अक्का, लेटर इतना अच्छा था, अम्मी को पढ़के सुनाया. लेकिन काम क्या था?"

"ते तुमचे कागद."

"अरे, इतनाही?" दुसऱ्या दिवशी ते बिस्किटांचा मोठा डबा भरून बिलं घेऊन आले. वरती दिलपसंदचं पुडकं होतं. साहेबांनी तीन तुकडे खाल्ले आणि त्या दिवसापासून अक्कांच्या शिकवणीत लक्ष घातलं नाही.

मग रोजच सुरू झालं. अक्का एकेका क्लायंटची ओळख करून द्यायच्या आणि यंत्र ती लक्षात ठेवायचं. कोणाला 'सर' म्हटलेलं आवडतं, कोण 'सर' म्हटलं की घाबरतं. कोणाला सकाळी पत्र पाठवायचं नाही, कारण पूजा चालू असते. एका डॉक्टरीणबाईंना दोनच ओळी, त्यांना वेळ नसतो. एका निवृत्त हेडमास्तरांना मोठं पत्र, त्यांना वेळच वेळ. यंत्र मध्येच जुन्या सवयीवर गेलं आणि 'अंतिम स्मरणपत्र' असा मथळा देऊन बसलं, तेव्हा अक्कांनी त्याला पोटच्या पोरासारखं झापलं. "अंतिम नाही म्हणायचं कुणाला. कळलं? माफी माग." यंत्रानं माफी मागितली. मागतंच ते. पण अक्कांनी मान अशी डोलावली की माझाही विश्वास बसला, त्याला पश्चात्ताप झालाय.

आणि कागद येऊ लागले. जिन्यावर रांग लागली म्हटलं तर अतिशयोक्ती होईल, पण मुदतीच्या आठवड्यात जी धावपळ व्हायची ती त्या वर्षी झाली नाही. लोक पत्रं जपून ठेवायला लागले. हेडमास्तरांनी तर उलट दोन पानी उत्तर पाठवलं. मी निपाणीला बहिणीला फोन करून सांगितलं की आमच्या अक्कांनी ए.आय.ला माणसात आणलं. साहेब आपल्या मित्रांना ऑफिस दाखवायला आणायचे आणि अक्कांच्या टेबलापाशी येऊन थांबायचे, जणू ते ऑफिसचं देवघर आहे. मला त्या दिवसांत आपण कुठे काम करतो हे कुणी विचारावं असं वाटायचं.

यशानं माणसाला जे होतं तेच आमचं झालं. साहेबांनी पुढची पायरी गाठली. पत्र पाठवलं, कागद आले नाहीत, तर काही दिवसांनी यंत्रानंच आपोआप दुसरं पाठवायचं, मग तिसरं. अक्कांनी शिकवलेल्या वळणानंच, पण अक्कांनी हात न लावता. तिसऱ्यालाही उत्तर नाही आलं तर फाइल परत. "अक्का, भाषा तुमचीच राहील," ते म्हणाले. अक्का जरा घुटमळल्या आणि "सरी" म्हणाल्या, म्हणजे बरं. त्यांच्या टेबलावरचा फोन हळूहळू गप्प झाला. त्यावर त्यांनी एक विणलेला रुमाल टाकला. धूळ बसते म्हणाल्या.

आणि मग नंजुंडप्पांची फाइल परत करायच्या गठ्ठ्यात आली.

नंजुंडप्पांचा शहराबाहेर, होसकोटेला छोटा कारखाना आहे. दोन लेथ मशीन, शेड, मागे घर. थोरल्या साहेबांच्या वेळचे क्लायंट. त्यांचे कागद त्यांची बायको मंगळम्मा सांभाळायची, मेणकापडाच्या पिशवीत. फोनही तिचाच आमच्याकडे नोंदवलेला. अक्का आणि मंगळम्मा कधी भेटल्या नव्हत्या, पण गुडघेदुखीवर दोघींची वर्षानुवर्षं चर्चा चाललेली. मंगळम्मा कुठलंसं तेल सांगायची, अक्का कुठलासा पाला. कागद दरवर्षी वेळेआधी. या वर्षी तीन पत्रं गेली, एकाचंही उत्तर नाही.

"तीन झाली, अक्का," साहेब म्हणाले. माणूस वाईट नाही, पण कागद नसताना मुदत हुकली की खापर ऑफिसच्या डोक्यावर फुटतं. "सोमवारी फाइल परत. आणि खरं सांगू? एका क्लायंटला सूट दिली की सिस्टीमला अर्थ नाही. मग सगळं परत फोनवरच करावं लागेल."

अक्कांनी रुमाल काढला आणि फोन लावला. रिंग वाजत राहिली. पुन्हा लावला. पुन्हा वाजत राहिली. त्यांनी रिसीव्हर हातातच धरून ठेवला.

"तीन हाका मारल्या आणि माणूस ओ देत नाही, म्हणजे काहीतरी झालंय. मला शनिवार दे, केदारप्पा. मी जाऊन येते."

"होसकोटेला? कागदांसाठी?"

"कागदांचं आल्यावर बघू." आणि मग माझ्याकडे वळून, "महेशा, तू येतोस. मला त्या बाजूचा रस्ता ठाऊक नाही." चारशे वर्षं गावात राहून होसकोटेचा रस्ता ठाऊक नव्हता.

शनिवारी शिवाजीनगरला बस बदलली. अक्कांनी तिथं केळी घेतली, विड्याची पानं घेतली आणि मोगऱ्याचा गजरा घेतला, हात पसरून मापून. सवाष्णीच्या घरी पहिल्यांदा जायचं तर रिकाम्या हातानं कसं जायचं? पर्समध्ये गुडघ्याच्या तेलाची बाटली होतीच. बस पुढे अर्धा तास एकाच जागी अडकली तेव्हा अक्का मंगळम्माबद्दलच बोलत होत्या. ती बोलताना मध्येच हसते, मग दम लागतो. ती नक्की ठेंगणी असणार. तिच्या हातची चटणी खायचीच आज.

शेड उघडी होती, पण मशीन बंद. मागच्या दाराशी नंजुंडप्पा उभे होते. उंच, वाकलेले, अंगात धुतलेला पण ऑइलचे डाग न गेलेला शर्ट. अक्कांनी नाव सांगितलं तसे ते पटकन हात पुसत पुढे आले. "बन्नी, बन्नी," या, या म्हणाले.

अक्का उंबऱ्यातूनच मोठ्यानं म्हणाल्या, "मंगळम्मा कुठं आहेत? बोलवा त्यांना, मी आलेय म्हणावं!"

नंजुंडप्पा दारातून बाजूला झाले. समोरच्या भिंतीवर तसबीर होती, खाली दिवा होता. ती खरंच ठेंगणी असावी; फोटोत तिला कुणीतरी खुर्चीवर बसवलं होतं आणि पाय जमिनीला टेकत नव्हते.

उन्हाळ्यात गेली, असं ते म्हणाले. ताप आला आणि चार दिवसांत गेली.

अक्का स्टुलावर बसल्या. माझ्या लक्षात यायला जरा वेळ लागला, त्यांच्या लगेच आलं. पहिल्या पत्राच्या सूचनेत त्यांनीच यंत्राला सांगितलं होतं की आधी मंगळम्माचे गुडघे विचार. यंत्रानं ते इमानेइतबारे पाळलं होतं. पहिल्या पत्रात विचारलं, दुसऱ्यात विचारलं, तिसऱ्यात विचारलं. मंगळम्मांचे गुडघे आता कसे आहेत? त्यांना माझा नमस्कार सांगा. तीनदा. बाई जाऊन महिने झालेल्या घरात, तिच्याच फोनवर. रोज शंभर माणसांची खबर ठेवणाऱ्या अक्कांना ही एक खबर नव्हती, कारण फोनवर रुमाल पडलेला होता.

अक्कांनी दोन्ही हातांनी आपले कान धरले. लहान मुलं धरतात तसे. इतक्या वर्षांत मी हे पहिल्यांदा पाहिलं आणि मला कुठे बघावं कळेना.

"कान सोडा, अक्का," नंजुंडप्पा म्हणाले. बोलणं कानडीत चाललं होतं, मी आपल्या भाषेत सांगतोय. "पहिलं पत्र आलं तेव्हा मला राग आला. खोटं कशाला सांगू? फोन फेकणार होतो. मग दोन-चार दिवसांनी परत वाचलं. अक्का, तेराव्यापर्यंत घर भरलेलं होतं. नंतर तिचं नाव कुणी काढत नाही. मुलगा फोन करतो, मशीनचं विचारतो. सून तिचा विषय आला की बोलणं बदलते, मला त्रास होईल म्हणून. मंगळा कशी आहे, हे तुमच्या पत्रानं तेवढं विचारलं."

त्यांनी तसबिरीकडे पाहिलं.

"दुसरं आलं ते मी तिला वाचून दाखवलं. तिसऱ्याची वाट बघितली. कागद केव्हाचे तयार आहेत, त्या पिशवीतच आहेत. पण ते दिले की पत्रं बंद होणार. तुमची पद्धत मला ठाऊक आहे."

मला वाटलं, इथं गप्प बसावं. अक्कांनीही गप्प बसावं. त्या माणसाला ज्या पत्रांचा आधार झाला ती कुणी लिहिली हे त्याला कशाला कळायला हवं? पण अक्का उठून उभ्या राहिल्या.

"अण्णा, ती मी नाही लिहिली. ऑफिसात यंत्र आहे, ते लिहितं. पुढची तर आपोआप जातात. मला कळलंसुद्धा नाही."

"ते मला कळलं होतं. तुम्ही असता तर फोन केला असता."

"केला की परवा."

"परवा केलात." त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती, म्हणून ते जास्त लागलं. "तेव्हा उचलून काय सांगू, कळलं नाही." मग त्यांनी विचारलं, "पण यंत्राला तिची चौकशी करायला सांगितलं कुणी?"

"मी."

"मग झालं."

अक्कांनी गजरा तसबिरीला घातला. तेलाची बाटली पर्समधून काढली, परत ठेवली, आणि मग शेवटी काढून दिव्याशेजारी ठेवलीच. नंजुंडप्पांनी आत जाऊन मेणकापडाची पिशवी आणली. अक्कांनी ती उघडून बघितली नाही. मी बघितली, सगळं जागच्या जागी होतं.

ऑफिसातलं आधी सांगून टाकतो. सोमवारी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं, बराच वेळ पेनचं टोपण उघडत-मिटत बसले, आणि गठ्ठ्यातून फाइल स्वतः काढून कपाटात ठेवली. आता दुसऱ्या पत्राआधी अक्कांचा फोन जातो, त्याशिवाय यंत्राला पुढे पाऊल टाकता येत नाही. ही सूट एका क्लायंटला नाही, सगळ्यांना आहे. साहेब बाहेर ही आपलीच कल्पना म्हणून सांगतात. सांगू देत.

आणि अक्का यंत्रापुढे बसल्या. मला वाटलं, आता पुट्टाची धडगत नाही. पण त्यांनी अगदी हळू टाइप केलं. "पुट्टा, मंगळम्मा गेल्या. चूक तुझी नाही, तुला मी सांगितलंच नव्हतं. नंजुंडप्पांना पत्र लिहायचं. कागद आलेत, तरी लिहायचं. त्या कशा आहेत हे विचारू नकोस. त्यांची आठवण काढ." यंत्रानं लिहिलं. अक्कांनी मोठ्यानं वाचलं नाही. मनात वाचलं आणि एक शब्द न बदलता पाठवलं. असं एकदाच घडलंय. मी शेजारच्या टेबलावर होतो याचा मला अभिमान आहे.

पण त्या शनिवारचं थोडं राहिलंय.

निघण्यापूर्वी नंजुंडप्पांनी स्वतः कॉफी केली. तीन पेले आणून ठेवले, समोर बसले आणि सहज विचारावं तसं विचारलं, "अक्का, तुमच्या घरी कोण कोण असतं?"

साधा प्रश्न. अक्का दिवसातून पन्नासदा विचारतात. पण त्यांना तो कुणी विचारत नाही. त्या प्रश्न इतक्या भराभर विचारतात की समोरच्याला संधीच मिळत नाही, आणि आम्ही ऑफिसातले, आम्हाला सगळं माहीत असल्यामुळे आम्ही विचारत नाही. अक्कांनी पदर सावरला.

"आमचं घराणं फार मोठं, अण्णा. आम्ही इथं आलो तेव्हा..." त्या सुरू झाल्या आणि आपण होऊन थांबल्या. पेल्यात बघत राहिल्या. "मी एकटी असते," त्या म्हणाल्या.

नंजुंडप्पांनी मान हलवली. हळहळले नाहीत, देवाची इच्छा वगैरे काही म्हणाले नाहीत. आम्हाला बसपर्यंत सोडायला आले, अक्का चढताना त्यांची पिशवी धरली, आणि खिडकीखाली उभं राहून म्हणाले, "पोचलात की फोन करा. तिच्याच नंबरावर. मी उचलीन."

परतीच्या वाटेवर अक्का बोलल्या नाहीत. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. शिवाजीनगरला बस बदलतानाही नाहीत. मला त्यांची काळजी वाटायला लागली होती.

जयनगरला उतरलो तेव्हा दिवे लागत होते. संध्याकाळच्या खरेदीची गर्दी आम्हाला दोन्हीकडून ढकलत होती. अक्का फूटपाथवर भाजीवालीच्या टोपलीशेजारी थांबल्या, पर्समधून मोबाइल काढला आणि नंबर लावला. मी मनात म्हटलं, झालं, आता अर्धा तास इथंच. आधी तब्येत, मग मुलगा, मग सून.

पलीकडून लगेच उचलला.

"अण्णा, पोचले," अक्का म्हणाल्या. पलीकडून काहीतरी बोलणं झालं. "हो. सुखरूप."

एवढंच. फोन बंद करून त्या मोबाइलकडे बघत राहिल्या. मग पदरानं चष्मा पुसला, डोळ्यांवर चढवला आणि भाजीवालीला, मला आणि त्या सगळ्या गर्दीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "चल महेशा, मला उशीर होतोय. आता घरी गेल्यावर परत फोन करायचाय. त्यांनी सांगितलंय, बसमधून उतरणं म्हणजे पोचणं नव्हे."